पंगतीला चालेल ते गोड

मागच्या डिसेंबरात मोझरीला नात्यातल्या एका घरी आम्ही बाराजण जमलो होतो. वरुडकडून आंबिया बहाराच्या संत्र्यांचे एक कॅरेट आले होते. पुण्याला शिकणारी भाची सुटीवर आली होती आणि तिने सोबत छोटा ओव्हन आणला होता. दुपारभर स्वयंपाकघरात तिची खटपट चालली होती. संध्याकाळी तिने संत्र्याचे भाजलेले पुडिंग बाहेर काढले, तेव्हा ओसरीवर बसलेल्या माणसांच्याही माना वळल्या. वर तांबूस पाक, खाली नरम रवा, मधे संत्र्याच्या फोडी. वाट्या भरल्या गेल्या. मामांनी चमचा उचलला, नाकाजवळ नेला आणि परत वाटीत ठेवला.

‘पोरी, याच्यात काय टाकलं वं?’

‘थोडीशी ब्रँडी आहे आजोबा, चवीपुरती. भाजल्यावर उडून जाते ती.’

‘मंग वास कायचा येऊन राह्यला?’

मामांनी अकरा वर्षांपूर्वी दारू सोडली. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत ते गुरुकुंज आश्रमात गेले, समाधीपुढे बसले आणि उठले ते सोडूनच. त्याआधीच्या वीस वर्षांत त्या घराने काय सोसले, ते इथे लिहिण्याचे कारण नाही. त्या संध्याकाळी ते रागावले नाहीत, कुणाला बोलले नाहीत. ‘मले नोको’ एवढेच म्हणाले आणि वाटी बाजूला सारली. पोरीचा चेहरा उतरला, आम्ही उरलेल्यांनी आपापले खाल्ले. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. तो रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, स्वयंपाकाचा आहे, आणि गुरुकुंज मोझरीत विचारला गेल्यामुळे त्याहून मोठाही आहे.

आधी रसायनशास्त्राचे पाहू, कारण ‘उडून जाते’ हे वाक्य सगळीकडे इतक्या खात्रीने बोलले जाते की त्याची कुणी झडतीच घेत नाही. मद्यार्क ७८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो, पाणी १०० अंशांना, म्हणून मद्यार्क आधी निघून जात असणार, असा हिशेब लोक मांडतात. भांड्यात मात्र मद्यार्क एकटा नसतो. तो पाण्यात, साखरेत, रव्यात मिसळलेला असतो आणि पाण्याला धरून राहतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात याचे आकडे आहेत. मिश्रणात घालून पंधरा मिनिटे भाजले किंवा शिजवले तर मूळ मद्यार्काचा ४० टक्के भाग उरतो, अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाने २५ टक्के, आणि अडीच तास शिजवले तरी ५ टक्के. पेटवून निळी ज्योत दाखवतात, त्या प्रकारात तर ७५ टक्के तसाच राहतो. मामांचे नाक बरोबर होते.

आता दुसरी बाजूही तितक्याच सरळपणे मांडायला हवी. भाचीने त्या पुडिंगात ६० मिलिलिटर ब्रँडी घातली होती. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते, म्हणजे त्यात साधारण २५ मिलिलिटर मद्यार्क झाला. पाऊण तास भाजल्यावर त्यातला तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा कमी उरला असे धरले आणि बारा वाट्यांत वाटला, तर प्रत्येक वाटीत एक मिलिलिटरही येत नाही. एवढ्याने कुणाला नशा चढत नाही. नशेची भीती घालून या विषयावर कुणी बोलत असेल, तर तो माणसाला समजावत नाही, घाबरवतो. मला तो मार्ग नको आहे.

मग वाटी बाजूला का सारली गेली? दारू सोडलेल्या माणसाच्या घरच्यांना याचे उत्तर माहीत असते. त्याच्यासाठी वास म्हणजे नुसता वास नसतो. त्या वासामागे जुना अड्डा असतो, जुनी संगत असते, पगाराची संध्याकाळ असते. व्यसनमुक्तीसाठी काहींना डायसल्फिराम नावाचे औषध दिले जाते. ते घेणाऱ्याच्या पोटात थोडासा मद्यार्क गेला तरी चेहरा लाल होतो, छातीत धडधडते, मळमळते. म्हणून डॉक्टर अशा रुग्णाला मद्य घातलेले खाद्यपदार्थही टाळायला सांगतात. हे रुग्ण कपाळावर पाटी लावून फिरत नाहीत. लग्नाच्या जेवणात, वाढदिवसाला, कार्यालयातल्या निरोपसमारंभात ते आपल्या शेजारीच बसलेले असतात, आणि आपण त्यांच्या हातात केकचा तुकडा देतो.

मामांचा प्रश्न जिथे विचारला गेला, ते गुरुकुंज मोझरी अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला, तिवस्याच्या अलीकडे आहे. यावलीला १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला. खंजिरी हातात घेऊन ते गावोगाव हिंडले, आणि दारू, हुंडा, अस्पृश्यता, अस्वच्छता यांवर भजनातून बोलले. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत त्यांनी गावाची आखणीच मांडली आहे. त्यात आरोग्य आहे, शिक्षण आहे, श्रम आहे, बायकांची उन्नती आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. आजही पुण्यतिथीला लाखो माणसे इथे येतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तो सगळा समुदाय मौन धरतो. ते मौन ज्याने एकदा अनुभवले, त्याला गर्दी म्हणजे काय आणि समुदाय म्हणजे काय यातला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

त्या समुदायाला जे अन्न वाढले जाते, त्याचा एक नियम कुणी न सांगता पाळला जातो: पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला ते खाता आले पाहिजे. मांडीवरच्या लेकराला, ओल्या बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, औषध चालू असलेल्याला, दारू सोडलेल्याला आणि अजून न सोडलेल्यालाही. वारकऱ्यांच्या काल्यात ज्याची शिदोरी त्याची राहत नाही, सगळे एकत्र कालवले जाते. वऱ्हाडातल्या रोडग्यांच्या जेवणाचेही तेच आहे. शेतात किंवा देवळापुढे गोवऱ्या पेटवायच्या, त्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायचे, झटकून फोडायचे, वर तूप सोडायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. गाव जेवते. रोडगा खाऊ नये असा माणूस त्या गावात सहसा सापडत नाही.

मी जी कसोटी मांडतो आहे ती इथून आलेली आहे. पदार्थ चांगला की वाईट हे ठरवायला जीभ पुरते, पण सगळ्यांना वाढण्यासाठी जो पदार्थ करायचा, त्याला जीभ एकटी पुरत नाही. त्याच्यामुळे पंगतीतला एकही माणूस उठू नये, आणि कुणाला काही लपवून खाऊ घालावे लागू नये. ब्रँडी घातलेले पुडिंग इथे दोन्हीकडून अडते. सांगितले तर कुणीतरी वाटी बाजूला सारतो. न सांगितले तर आपण त्याला फसवतो. घरात चारजण असतील, चौघांनाही चालत असेल, तर त्यांनी काय खावे हे सांगणारा मी कोण? पण पंगत मांडली की प्रश्न बदलतो.

यावर मला एक आक्षेप नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो हलका नाही. म्हणतात, ब्रँडी काढून टाकली तर पदार्थाचा आत्माच जातो. मग युरोपातला तो प्रकार करावाच कशाला, आपला शिरा करावा. म्हणून ब्रँडी त्या पदार्थात नेमके काय काम करते, हे बघावे लागते. ती तीन कामे करते. पहिले टिकवण्याचे. नाताळचे पुडिंग किंवा सुक्या मेव्याचा केक थंड मुलुखात आठवडे नि महिने आधी करून ठेवत, आणि मद्याने तो टिके. तिकडे डिसेंबरात झाडाला फळ नसते; जे असते ते उन्हाळ्यात सुकवून ठेवलेले. वऱ्हाडात डिसेंबर म्हणजे आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडीचा हंगाम. आणि तो संपतो न संपतो तोच फेब्रुवारीपासून मृग बहाराचा माल येतो. जिथे फळ झाडावर ताजे आहे, तिथे सुकवलेल्या फळाला जपण्याची युक्ती कशासाठी?

दुसरे काम गंध वाहून नेण्याचे. संत्र्याच्या सालीतले सुगंधी तेल पाण्यात जवळपास विरघळत नाही, मद्यार्कात विरघळते. म्हणून परदेशी आचारी ब्रँडी घालतो. पण तेच तेल तुपातही विरघळते, आणि आपल्या घरात तूप आहे. तिसरे काम घशाला जाणवणाऱ्या उबेचे आणि चवीला येणाऱ्या खोलीचे. ऊब सुंठ देते, जायफळ देते. खोली हवी असेल तर साखर लालसर-काळपट होईपर्यंत जाळून तिचा पाक करावा. त्या किंचित कडसरपणाने गोडाचा नुसता गोडपणा मोडतो.

नकलेपेक्षा समज महत्त्वाची, याचा आपल्या देशातला जुना दाखला केरळात आहे. तलश्शेरीच्या मांबल्ली बापूने १८८३ साली नाताळचा केक केला, तो भारतातला असा पहिला केक मानतात. मर्डोक ब्राउन नावाच्या इंग्रज मळेवाल्याने विलायतेहून आणलेला केक त्याला चाखायला दिला, तसाच करून दाखव म्हणाला, आणि माहेहून फ्रेंच ब्रँडी आणायला सांगितले. बापूने ती आणली नाही. काजूच्या बोंडांपासून नि कदळी केळ्यांपासून तिथेच होणारे मद्य वापरले, असे सांगतात. मद्य तिथेही होतेच, ते मी लपवत नाही. मला त्यातली धडपड महत्त्वाची वाटते: पाहुण्या पदार्थाने आपल्या अंगणातल्या फळाशी बोलले पाहिजे, हे त्या बेकरीवाल्याने ओळखले. मोझरीच्या अंगणात संत्रा आहे आणि दारू सोडलेली माणसे आहेत. इथला पदार्थ दोघांशीही बोलला पाहिजे.

शेतकऱ्याच्या नावाने केला जाणारा युक्तिवाद मी मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण तो वऱ्हाडाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा फळउत्पादकाला भाव मिळेल हेच कारण पुढे केले गेले होते. विरोध झाला आणि तो निर्णय अडला. तेव्हापासून ‘फळापासून मद्य म्हणजे शेतकऱ्याचे भले’ हे वाक्य रूढ झाले आहे. स्वयंपाकघरातही ते येते: ब्रँडी म्हणजे शेवटी द्राक्षच ना? चांगली ब्रँडी द्राक्षाचीच असते, हे खरे. पण आपल्याकडे केकसाठी जी स्वस्त बाटली आणली जाते, ती बहुतेकदा उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात थोडी द्राक्षाची ब्रँडी मिसळून केलेली असते. संत्र्याच्या पदार्थात ती ओतून कोणत्या बागाइतदाराच्या हातात चार पैसे पडतात?

संत्रा बागाइतदाराची अडचण वेगळीच आहे. झाडाला ताण द्यायचा, पाणी सोडायचे, बहार धरायचा, मग फळगळ सोसायची, डिंक्याने झाड जाते ते बघायचे, कोळशीने पाने काळी पडतात तेही बघायचे. आणि इतके करून शेवटी व्यापारी मोठे फळ उचलतो आणि चुरी मागे टाकतो. चुरी म्हणजे बारीक माल. चवीला तो कित्येकदा मोठ्या फळाहून सरस असतो, पण त्याला भाव नसतो. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेले, तेव्हा मोठ्या फळाचीही तीच गत झाली. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी मानांकनाने चुरी विकली जात नाही. ती विकली जाते स्वयंपाकघरात, मिठाईच्या दुकानात, रसाच्या कारखान्यात. नागपूरची संत्रा बर्फी देशभर गेली. नोगा छापाच्या बाटल्या आणि डबे कित्येक घरांनी बघितले आहेत. त्या ओळीत संत्र्याचा भाजलेला गोड पदार्थ बसायला काय हरकत आहे? अमरावती-नागपूर हा रस्ता रात्रंदिवस वाहता आहे. त्याच्या कडेच्या ढाब्यांवर, बेकऱ्यांत डिसेंबर ते एप्रिल संत्र्याचा ताजा भाजलेला पदार्थ मिळाला, तर त्यात जाणारे फळ चुरीचेच असेल.

आणि तो रस्ता कुठून जातो हेही लक्षात घ्यावे. तिवसा सोडले की पुढे तळेगाव श्यामजीपंत, म्हणजे वर्धा जिल्हा. तिथे १९७४ पासून दारूबंदी आहे. त्या बंदीतही चोरून दारू येते, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि कायद्याने व्यसन संपत नाही हेही मला मान्य आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. पण बाटली आडवी करण्यासाठी गावोगावच्या बायका रांगेत उभ्या राहून मत देतात, त्या कायद्याच्या प्रेमापोटी उभ्या राहत नाहीत. घरात काय होते ते त्यांनी भोगलेले असते. त्यांच्या गावातल्या सणाच्या ताटात आपण हौसेने तोच वास परत आणायचा का, एवढा विचार सुगरणीने करावा.

तुकडोजी महाराजांचे नाव घेऊन नव्या पदार्थालाच नकार देणारेही भेटतात. त्यांचेही मला पटत नाही. ज्या माणसाने १९५५ साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आपले म्हणणे मांडले, त्याला परक्या मुलखाचे वावडे नव्हते. ओव्हन परका नाही. आरात भाजलेला रोडगा खाणाऱ्याला भाजणे कुणी शिकवायला नको. परके आणि आपले ही भिंत इथे कामाचीच नाही. पंगतीला चालते की नाही, एवढेच बघायचे.

दोन दिवसांनी भाचीने पुन्हा घाट घातला, आणि या वेळी मी तिच्या हाताखाली होतो. सहा संत्री घेतली, सगळी चुरीतली. आधी सालीचा वरचा केशरी थर किसणीवर हलक्या हाताने उतरवला. आतला पांढरा भाग लागला की कडू होते. तो कीस अर्धी वाटी कोमट तुपात टाकून झाकून ठेवला. पाऊण वाटी साखर घेतली, तिच्यातही चिमूटभर कीस टाकून बोटांनी चोळला. साखर ओलसर झाली आणि खोलीभर संत्रा दरवळला. मग फोडी सोलल्या. हे काम वेळखाऊ आहे, पण टाळता येत नाही. नागपुरी संत्र्याच्या बिया आणि पापुद्रे राहिले, तर गोड लागणारा रसही थोड्या वेळाने कडवट होतो. रस काढून ठेवू नये, हे संत्र्याच्या घरातली प्रत्येक बाई सांगते ते याचमुळे. सोललेल्या फोडी चाळणीवर अर्धा तास निथळत ठेवल्या. खाली जमलेला घोटभर रस लिंबू पिळून बाजूला ठेवला.

पातेल्यात चार चमचे साखर कोरडीच वितळवली, तपकिरी होऊन धूर येण्याच्या बेतात आली तशी उतरवली आणि लगेच भांड्याच्या तळाला पसरली. तिच्यावर फोडी मांडल्या. दीड वाटी बारीक रवा, वाटीभर दही, ते केशरी झालेले तूप, चोळलेली साखर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सुंठ, जरासे जायफळ. वीस मिनिटे भिजू दिले, शेवटी अर्धा चमचा सोडा घालून एकाच दिशेने ढवळले आणि फोडींवर ओतले. १८० अंशांवर चाळीस मिनिटे. बाहेर काढल्यावर काडी टोचून बघितली, गरम असतानाच वर बाजूचा रस शिंपडला आणि दहा मिनिटांनी उलटे केले. तळची जळकी साखर वर आली होती, फोडी काचेसारख्या चमकत होत्या.

पहिल्या दिवसाच्या पुडिंगापेक्षा याला संत्र्याचा वास जास्त होता. हे मी भक्तिभावाने लिहीत नाही. दोन्ही खाल्ल्यामुळे लिहितो. ब्रँडीने पहिल्या वेळी फळावर स्वतःची छाप पाडली होती. तुपाने तसे केले नाही. भाचीलाही तसेच वाटले, आणि ती माझ्याहून जास्त चोखंदळ आहे. मामांनी वाटी नाकाजवळ नेली, थोडे थांबले, आणि खाल्ले. शेजारची दोन पोरे आली होती, त्यांनीही खाल्ले. वाढताना कुणाला काही विचारावे लागले नाही.

या हंगामात ज्यांच्या घरी ओव्हन लागेल, त्यांनी संत्र्याचा पदार्थ असा एकदा करून बघावा. ज्यांना ब्रँडी घालायचीच आहे, त्यांनी खुशाल घालावी, पण वाढण्याआधी तोंडाने सांगावे. आणि ज्यांची बेकरी आहे त्यांना हात जोडून विनंती, सुटा केक असो वा खोक्यातला, रम किंवा ब्रँडी असेल तर ते मराठीत, मोठ्या अक्षरांत, काउंटरवरच लिहा. खाणाऱ्याला वास घेऊन ओळखायची वेळ येऊ देऊ नका.